फळ्यावरचं तिसरं कडवं

“पुसा ते.”

सरांनी डस्टर माझ्या हातात दिलं नाही. टेबलावरून ढकललं.

पार्ल्याचं कॉलेज, बी.ए.चं शेवटचं वर्ष. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सर दामयमक शिकवत होते. एका कडव्याचे शेवटचे शब्द पुढच्या कडव्याच्या तोंडी येतात, कडवी साखळीसारखी जोडली जातात. “उदाहरण कोण लिहील?” माझा एकटीचा हात वर.

मला ते लहानपणापासून ठाऊक होतं. वाकोल्याच्या आमच्या मालवणी चाळीत गौरीला बायका समोरासमोर दोन रांगा करायच्या. एक रांग जिथं थांबली, तेच शब्द समोरचीनं उचलायचे. नाही उचलले तर हार. मी फळ्यावर लिहिलं. पहिलं कडवं शेजारच्या काकीचं, दुसरं आईचं.

दारात लावला अबोलीचा वाफा,
वाफ्याला पाणी घालता कोण?

घालता कोण, सासरची सून,
सुनेच्या माहेरी कळवा कुणी!

आईच्या शेवटच्या गौरीला ‘कळवा कुणी’ समोरून कुणालाच उचलता आलं नाही. आई जिंकली. पदर तोंडाला लावून हसली. चैत्रात गेली. तिला लिहिता येत नव्हतं. तिचे शब्द अक्षरांत पहिल्यांदाच दिसत होते, मलासुद्धा.

मागच्या बाकावरून आवाज आला, “आता फुगडी पण घाल ना गं!”

“झकास, यार!”

वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “अहो, हे काव्य नव्हे. मोलकरणी भांडी घासताना गुणगुणतात ते हे. उदाहरण ग्रंथातलं हवं.”

माझी आई पार्ल्यातच भांडी घासायची.

डस्टर घेतलं. हात फळ्यापर्यंत गेलासुद्धा. आई गेली तेव्हा तिचे हात मीच पुसले होते. भेगांतली राख निघाली नव्हती.

डस्टर खाली ठेवलं.

“नाही पुसणार, सर.”

“मग बाहेर व्हा.”

वह्या उचलल्या. खडूही उचलला. आईच्या कडव्याखाली लिहिलं :

कळवीन मी गं, कळवीन मी

पुढची ओळ सुचेना. डोळ्यांपुढं फळा दिसेनासा झाला होता. तशीच बाहेर पडले.

माझ्यामागं कुणीतरी पुसलंच असेल. पण माझ्या हातानं नाही. पुढं पदवी मिळाली, नोकरी लागली. आजही वर्गात, कचेरीत, सभेत कुणी ना कुणी माझ्यापुढं डस्टर ढकलतोच. त्यानं स्वतः उठून पुसावं. मी पुन्हा लिहीन. आईसमोरच्या रांगेत आता मी उभी आहे, आणि तिथून हलणार नाही.