नादारीच्या अर्जातले मानपान

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से लवकर साठतात. फाईल बांधून कपाटात टाकता येते, किस्से मात्र जेवताना आठवतात आणि घास अडकतो. कधी हसू येतं म्हणून, कधी नुसतीच तगमग होते म्हणून.

मी नाशिकच्या कोर्टाजवळ अण्णांच्या हाताखाली वकिली करते. आमच्याकडे येतात ते मुख्यतः नादारीचे अर्ज. 'माझ्याच्यानं कर्ज फिटत नाही' असं माणसानं कोर्टाला सांगायचं, ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांची यादी द्यायची, कोर्ट त्या सगळ्यांना नोटीस काढणार. पूर्वी असा अर्ज एखादा यायचा, आता बाहेरच्या बाकावर जागा नसते. आणि तालुक्यागणिक तऱ्हा वेगळी. अण्णा म्हणतात, "माणूस कसा बुडाला ते नको सांगू, कुठला ते सांग. बाकीचं मी सांगतो."

*

गंगापूर रोडवरून एक साहेब आले. उत्तम शर्ट, बोटांत गाडीची किल्ली, पाच क्रेडिट कार्डं. अण्णांनी फी सांगितली. साहेब विचारात पडले. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. "एक मिनिट हं," म्हणत ते गॅलरीत गेले. हसतमुखानं परत आले.

"झालं काम. अ‍ॅपवरून पन्नास हजारांचं लोन आलं. तुमची फी आत्ताच देऊन टाकतो."

अण्णांनी त्या दिवशी दोनदा चहा मागवला.

*

एकलहऱ्याचे एक निवृत्त काका. आयुष्य वीज केंद्रात काढलेलं, स्वतःच्या नावावर रुपयाचं कर्ज नाही. पण पतसंस्थेत सहा मित्रांना जामीन राहिले होते, आणि सहाही जणांनी हप्ते थांबवले.

मी जरा चिडूनच विचारलं, "काका, एकदा तरी नाही म्हणायचं होतं."

"अहो, तो समोर बसलेला. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

त्यांची फाईल आणायला मी आत गेले. परत येते तर काका टेबलावर वाकून दुसऱ्याच कुणाच्या तरी कागदावर सही करत होते.

"हे कोण?"

"यांना साक्षीदार पाहिजे होता. आत्ताच ओळख झाली, बाकावर. चांगला माणूस आहे."

मला ओरडावंसं वाटलं. सही केव्हाच झाली होती.

*

सटाण्याकडचे लोक कधी एकटे येत नाहीत, जीप भरून येतात. अशाच एका जीपमधून पाच भाऊ उतरले. अर्ज कुणाचा म्हटल्यावर सगळ्यात थोरले पुढे झाले.

"मना नाववर करा."

अण्णांनी कागद चाळले. "कर्ज तर सगळं धाकट्याच्या नावावर दिसतंय."

"कर्ज धाकलानं शे," थोरले शांतपणे म्हणाले, "पण घरमा मोठा मी शे."

घरात थोरला असताना धाकट्याचं नाव कोर्टात आधी पुकारायचं, हे त्यांना कसं पटावं? अण्णा तासभर समजावत होते. शेवटी धाकट्यानं थोरल्याच्या पाया पडून अर्जावर सही केली.

*

सिन्नरचा कैलास मात्र डोक्यातून जात नाही. तिथल्या एका कारखान्यात ऑपरेटर. ओव्हरटाईम बंद झाला, घराचा हप्ता अडला, तो भरायला अ‍ॅपवरून उचललं, ते फेडायला नातेवाइकांकडून हातउसने घेतले. वसुलीवाल्यांचे फोन बायकोला, शेजाऱ्यांना, थेट सुपरवायझरला जायला लागले. अर्ज मंजूर झाला नाही तर नोकरीही जाणार होती.

मी यादी लिहायला घेतली आणि आधी बँकेचं नाव टाकलं. कैलास अस्वस्थ झाला.

"मॅडम, आधी मामा. मग आत्याचे मालक. मग मोठे साडू. बँक शेवटी."

"कैलास, ही लग्नपत्रिका नाही."

"नोटीस घरी जाणार ना? मग नाव वरखाली झालं तर मामा बोलायचे बंद होतील."

मी निमूटपणे मानपानानं यादी लिहिली. मामांना नोटीस पोचली. त्यांनी दिंडोरीला कैलासच्या बहिणीला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी मंगलताई ऑफिसात हजर. तिनं आपल्या पाटल्या भावाला गहाण ठेवायला दिल्या होत्या. यादीत तिचं नाव नव्हतं.

"मामाला नोटीस, साडूला नोटीस, आन मलाच नाय? मी काय परकी हाय का?"

आम्ही कैलासला बोलावलं. बहीण आत बसलीय म्हटल्यावर तो जिन्यातूनच परत निघाला. अण्णांनी त्याला तिथंच गाठलं. देणं लपवलं असं कोर्टाला वाटलं तर अर्ज फेटाळला जाईल, हे समजावलं.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "तिचं नाव घातलं म्हणजे तिच्या पाटल्या बुडाल्या असं मीच लिहून दिल्यासारखं हाय. ते माझ्याच्यानं व्हायचं नाय."

मला त्याचा राग आला, आणि रडूही आलं.

तारखेला मंगलताई स्वतःच कोर्टात आली. बँकेचे वकील आधीच उभे होते. कैलासच्या अर्जात त्यांनी प्रत्येक गोष्टीला हरकत घेतली होती, अगदी पुढच्या तारखेलासुद्धा. न्यायाधीशबाईंनी मंगलताईला पुढे बोलावलं.

"अर्जाला तुमची हरकत आहे?"

"हाय."

कैलासनं मान खाली घातली.

"पाटल्यांचं काय म्हणणं आहे?"

"पाटल्या ऱ्हाऊ द्या, मॅडम. त्या दिल्या तवापासून हा भाऊबीजेला येत नाय. मी ताट करून बसते, हा फोन बंद ठेवतो. यानं दरसाल यायचं, एवढं तुमच्या ऑर्डरमधी लिवा. मग माझी काय हरकत नाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सवयीनं बँकेच्या वकिलांकडे पाहिलं.

ते उठले, घसा खाकरला.

"बँकेची हरकत नाही."