बुटांना कुंकू लावणारी काकू

आमची काकू रबरी बूट घालून मागावर विणायची आणि दर शुक्रवारी त्या बुटांच्या टोकांना हळदीकुंकू लावायची. पवनीतल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत या बुटांइतकी हसण्याची दुसरी गोष्ट नव्हती. आमच्याकडचा माग खड्ड्याचा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो आणि त्याचे पाय खाली, पायानं दाबायच्या पावड्यांवर असतात. खड्ड्यात अंधार, वैनगंगेची ओल, पावसाळ्यात उंदीर आणि उंदरांच्या मागं काय येतं ते सगळ्यांना ठाऊक. तरी सगळे अनवाणी पाय खाली सोडून दिवसभर विणत, कारण माग म्हणजे देव आणि मागघरात पायात काही घालायचं नाही. काकूनं यावर तोड काढली. कोरे बूट आणले, बाहेरच्या मातीला एकदाही लागू दिले नाहीत, धुतले, पुजले आणि मागाच्या खड्ड्यातच ठेवले. गल्लीतल्या म्हाताऱ्या भांडायला आल्या तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, "देवापुढं नंदी बसते ना? हे माहे नंदी."

बूट घालण्याआधी तिचा आणखी एक नेम असे. हातातल्या बॅटरीचा उजेड खड्ड्यात कोपऱ्याकोपऱ्याला टाकायचा आणि मग काठीनं पावड्या ठोकायच्या. सकाळी ही ठकठक सुरू झाली की समोरच्या घरातून कोणीतरी हमखास ओरडायचं, "उठा बाप्पा, काकूनं साप उठवले!" मग सगळी गल्ली हसायची. काकाही हसायचे. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि त्या विषयावरचं काकांचं पानठेल्यावरचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं, पण तिथंही कोणीतरी मध्येच विचारायचं, "काहो, आज वहिनीनं तुमच्या पायात बूट नाही घालून दिले?" काका घरी येऊन तो राग काकूवर काढायचे. टोमणा मारणाऱ्याला कधी उलट बोलल्याचं मी ऐकलं नाही.

काकूबद्दल लोक एक प्रश्न नेहमी विचारत, आणि अजूनही कोणी विचारला की माझं डोकं तापतं. "हिच्यावर लहानपणी काही बेतलं होतं का?" काही बेतलं नव्हतं. तिच्या माहेरी कोणाला साप चावला नव्हता, कोणी बुडालं नव्हतं, कोणी भाजलं नव्हतं. बेतण्याची वाट पाहायची नाही एवढंच तिनं ठरवलं होतं. पण आपल्या लोकांना हे कळतच नाही. घर जळालेल्या माणसानं पाण्याची बादली भरून ठेवली तर ते हळहळतात, आणि घर शाबूत असलेल्यानं भरून ठेवली तर त्याला वेडा ठरवतात. काकू म्हणायची, "भेतो तो डोळे मिटून घेते. मी तं पाहून राहिली. मी कुठं भेली?"

ती काळीपिवळीत बसायची तेव्हा तर तमाशाच होई. पवनीहून भंडाऱ्याला जाणाऱ्या या जीपमध्ये माणसं कशी कोंबतात ते त्या रस्त्यानं गेलेल्यांना सांगायला नको. ड्रायव्हरनं आपल्या उजव्या अंगाला एखादा बसवला आणि स्वतः तिरपा होऊन स्टेअरिंग धरलं की काकू खाली उतरलीच. "ज्याले स्वतःले बसाले जागा नाही, तो मले काय पोचवन?" ड्रायव्हर वैतागायचा, बाकीचे कुरकुरायचे, आणि सुषमा, म्हणजे तिची मुलगी, आणि मी लाजून दुसरीकडे बघत उभ्या राहायचो. पुढं पुढं तो ड्रायव्हर तिला लांबून पाहूनच एकाला मागं बसवायला लागला. काकूनं त्याला एकदा घरी बोलावून जेवू घातलं होतं. "तुह्या गाडीत माही पोरगी कॉलेजात जाते रे," एवढंच ती त्याला म्हणाली होती.

गणपती विसर्जनाला ती घाटावर दोर घेऊन यायची. मागावरचं उरलंसुरलं सूत जमवून तिनं स्वतः वळलेला तो चांगला जाड दोर होता. "काय काकू, बैल बांधाले आल्या का?" पोरं विचारायची. एका वर्षी पाणी जोरात होतं आणि आमच्या नात्यातले बंडूभाऊ, गावभरच्या सोयरिकी जुळवणारे मोठे बोलके गृहस्थ, मूर्ती सोडताना शेवाळावरून घसरले. धारेनं त्यांना पायऱ्यांपासून दूर नेलं. काकूनं दोर फेकला, तो त्यांच्या हाताला लागला आणि चार जणांनी ओढून त्यांना वर घेतलं. नाकातोंडातलं पाणी गेल्यावर बंडूभाऊंचं पहिलं वाक्य काय असावं? "मी तं येतच होतो बाहेर. उगाच ओढलं, खांदा दुखून राहिला." लोक हसले, तेही काकूकडे बघून. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आभार राहिले बाजूला, खांद्याचा दोष मात्र तिच्या पदरी आला.

याच बंडूभाऊंनी पुढं सुषमासाठी शहापूरचं स्थळ आणलं. हायवेवर कापडाचं दुकान, एकुलता एक मुलगा, घर चांगलं. काकू खूश होती. नवरात्र उठल्यावर पाहुणे मुलगी पाहायला यायचे ठरले, आणि त्याच्या आदल्या दिवशी बंडूभाऊ येऊन ओसरीवर बसले. बराच वेळ घुटमळून म्हणाले, "वहिनी, उद्या ते बूट, काठी, बॅटरी काही दिसू नका देऊ. तिकडं कोणीतरी सांगतलं, पोरीच्या मायचं डोकं सरकेल हाये म्हणून. असं पोरीतही उतरते म्हणतात. मले विचारून राहिले होते ते."

काकू काकांकडे पाहत राहिली. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. माझी बायको शहाणी आहे, एवढा एकच शब्द. ते सुपारी कातरत बसले.

"एक दिवस ना?" काकू म्हणाली. "ठीक हाये. पोरीसाठी." तिनं बूट माळ्यावर टाकले आणि काठी, बॅटरी आमच्या घरी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. पोहे झाले, सुषमाला दोन-चार प्रश्न झाले. आत्याबाईंनी ओसरीला लागून असलेला माग पाहिला आणि हौसेनं म्हणाल्या, "विहीणबाईंच्या हातचं विणणं तं पाहू द्या." मागावर कोशाचं रेशीम चढलेलं होतं. काकू उठून मागाशी गेली, काठाशी थांबली आणि तिनं आत वाकून पाहिलं. बंडूभाऊंनी तिच्याकडे डोळे वटारले. ती अनवाणी पाय खाली सोडून बसली आणि विणायला लागली. आत्याबाई कौतुकानं साडीच्या काठावरची नक्षी पाहत होत्या. थोड्या वेळानं काकूचा हात थांबला. तिनं पाय वर घेतले, घोट्याजवळ निरखून पाहिलं आणि रोजच्या आवाजात सांगितलं, "मले चावलं."

घोट्याजवळ डास चावल्यासारख्या दोन बारीक खुणा होत्या. रक्त नाही, सूज नाही. बंडूभाऊ मोठ्यानं हसले. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "काही नाही, मुंगी असन. वहिनीले असंच वाटत रायते." काकू म्हणाली, "मुंगी नाही. मण्यार असू शकते, तिचं दुखत नाही. मले दवाखान्यात न्या." त्यावर काका तिच्याजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, "पाहुणे जाऊ दे, मग पाहू." आत्याबाईंनी भावाकडे पाहिलं. जे ऐकून आलो होतो ते खरंच निघालं, असं समाधान त्या नजरेत होतं. आणि बंडूभाऊंनी मला फर्मावलं, "पोरी, चहा आण."

एका बाईला साप चावला होता आणि त्या घरात चहाची ऑर्डर सुटली होती. काकूनं आयुष्यात एकदाही खोटी हाकाटी केली नव्हती. साप नसताना साप म्हणाली नव्हती, आग नसताना आग म्हणाली नव्हती. ती फक्त तयारीत राहायची. पण तेवढ्यावरून गावानं तिला भित्री ठरवलं होतं, आणि एकदा एखादीला भित्री ठरवलं की तिच्या अंगावर उमटलेले दातसुद्धा लोकांना तिच्या मनाचे खेळ वाटतात.

तेवढ्यात सुषमा उठली. डोक्यावरचा पदर तसाच, हातात पानसुपारीचं तबक. तिनं ते तबक आत्याबाईंच्या समोर ठेवलं आणि म्हणाली, "माय म्हणते चावलं, तं चावलंच." काकू उभी राहायला गेली तर सुषमानं तिला खाली दाबलं. "चालू नको. तूच सांगतलं ना, चालाचं नाही." मग माझ्याकडे वळली. "तू पाय धर." बंडूभाऊ "अवं पोरी, पाहुणे बसेल हाये," म्हणत राहिले. काका उठले खरे, पण दाराजवळच घुटमळले. आम्ही दोघींनी काकूला सतरंजीवर घेऊन रस्त्यावर आणलं. समोरून तोच काळीपिवळीवाला येत होता. त्यानं काकूला पाहिलं आणि एक शब्द न विचारता सगळे प्रवासी खाली उतरवले.

जीपमध्ये काकूच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. जीभ जड झाली होती, तरी ती आम्हाला सांगत होती, कुशीवर झोपवा, कोणाच्या थानावर नेऊ नका, चावल्याच्या वर आवळून बांधू नका. आमच्याकडे अजूनही आधी थानावर, मांत्रिकाकडे नेतात, कडुलिंबाचा पाला चघळायला लावतात आणि कडू लागला तर विष नाही म्हणून परत घरी आणतात. काकूनं हे सगळं आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की आम्ही तिची नक्कल करायचो. पवनीच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, तिथून भंडाऱ्याला हलवलं, तिथं बरेच दिवस मशीनच्या श्वासावर होती. वाचली. आवाज मात्र जड झाला तो कायमचा.

बोलायला लागल्यावर ती जे पहिलं नीट वाक्य बोलली, ते मी जन्मभर विसरणार नाही. "सापाले मी कधी भेली नाही. त्या दिवशी लोकायले भेली."

आम्ही दवाखान्यात असताना बंडूभाऊंनी काठीनं खड्डा धुंडाळला तेव्हा पावडीखाली मण्यार सापडली. ती मारली म्हणून त्यांचं चौकात कोण कौतुक! साप केवढा होता, कसा फुत्कारला, हे ते महिनाभर सांगत होते. मुंगीबद्दल एक अक्षर नाही. शहापूरहून निरोप आला, मुलगी पाहुण्यांसमोरून उठून गेली, वळण नाही, आम्हाला जमणार नाही. त्यावर गल्लीनं निवाडा दिला तो ऐका. "काकूच्या भेवापायी पोरीची सोयरीक मोडली." सापामुळं मोडली नाही, चहामुळं मोडली नाही, चावलेल्या बाईला गप्प बसवणाऱ्यांमुळं तर नाहीच नाही. एका म्हातारीनं तर सांगितलं की रोज सापाचं नाव घेऊन घेऊन काकूनंच त्याला बोलावलं. घरात पणती लावली म्हणून अंधार झाला असं म्हणण्यातला हा प्रकार. मी तिच्याशी भांडायला निघाले तर काकूनंच मला हाताला धरून बसवलं. ती थकली होती.

सुषमाचं लग्न पुढं दिघोरीला झालं. धानाची शेती, साधी माणसं. नवऱ्यानं पाहण्याच्या दिवशी फक्त एवढंच विचारलं होतं, "तुम्ही मायले दवाखान्यात नेलं, ते खरं का?" ती हो म्हणाली आणि ठरलं. काकू दिघोरीला जाऊन राहायची, नातवंडांना बांधावर कसं चालायचं ते शिकवायची, जावयाशी तासन्‌तास बोलायची. मोठ्या नातीच्या केसांना तेल लावताना तिचा तो जड आवाज गुणगुणत असे, आणि सुषमा काम सोडून ऐकत उभी राहायची. ही वर्षं तिला मिळाली याचा मला फार आनंद आहे.

गेल्या हिवाळ्यात उन्हात बसल्या बसल्या काकू गेली. हृदय बंद पडलं. वयही झालं होतं. सांत्वनाला गल्ली जमली, त्यात बंडूभाऊही आले. आता तेही म्हातारे झालेत, पण जिभेचं वळण तेच. ओसरीवर टेकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जन्मभर एवढं जपून जपून काय भेटलं बाप्पा? शेवटी गेलीच ना."

मी तोंड उघडणार तोच सुषमा आतून दारात आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज खणखणीत होता.

"काय भेटलं म्हणता, बंडूकाका? मले माय भेटली. माह्या लेकरायले आजी भेटली. त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं, तं तेव्हाच तिले खांदा द्याले आले असते तुम्ही."