नऊ माणसांची सुनावणी

सभागृहात रिकाम्या खुर्च्या दिसल्या की मला सुमनबाई आठवतात. वीज नियामक आयोगाच्या दरवाढीच्या सुनावण्यांना मी लघुलेखक म्हणून जायचो. त्या वर्षी सुनावणी आमच्या जिल्ह्याच्या गावी होती. खुर्च्या शंभर मांडलेल्या, माणसं नऊ.

सुमनबाई उठल्या. "साहेब, आमच्या मालकांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावलंय. ते बंद ठेवता येत नाही, म्हणून आम्ही पंखा बंद ठेवतो. शेजारणीला बसवून आलेय, मला लवकर जायचंय."

अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला.

परतताना गाडीत अधिकारी म्हणाले, "नऊ माणसांसाठी एवढा खर्च?" तेही खोटं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून सुनावणी मुंबईलाच होऊ लागली. खर्च वाचला, तो कुणाच्या अंगावर पडला, हे कुठल्याच इतिवृत्तात आलं नाही.

मुंबईतल्या पहिल्या सुनावणीला सुमनबाईंचा अर्ज टपालाने आला होता. शिपायाने नाव दोनदा पुकारलं. जायला-यायला दोन दिवस. तेवढे दिवस शेजारीण कशी बसणार? उठून हे सांगावं असं फार वाटलं. पण लघुलेखकाने बोलायचं नसतं. त्यांच्या नावापुढे मी 'गैरहजर' लिहिलं.