तिचा पोपट

सिल्वासात नदीकाठच्या बागेत ते काका रोज सकाळी दिसत. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, पायांत जड सेफ्टी शूज आणि दोन खिशांत दोन मोबाइल. एक स्वतःचा, एक बायकोचा. तिच्या मोबाइलमध्ये चालायला लावणारं ॲप होतं. पावलं पडली की त्यातल्या पोपटाला पेरू मिळे, नाहीतर तो मान पाडून बसे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती घराबाहेर पडेना, म्हणून तिचा मोबाइल घेऊन हे चालत. पोपटानं पेरू खाल्ला की मोबाइल रुमालानं पुसून खिशात ठेवत.

मी फटकळ. एकदा म्हणालोच, "काका, गुडघा त्यांचा आणि चालता तुम्ही?"

ते ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा एकच मोबाइल घेऊन येऊ लागले.

पाचव्या दिवशी वॉकर टेकत ती आली. मला पाहताच कडाडली, "चार दिवस उपाशी ठेवलं हो पोपटाले ह्या माणसानं!"

आणि रागारागात पुढे चालू लागली.

ते दोन पावलं मागे होते, तिला सावरायला हात पुढे धरून. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "चार दिवस मलेबी घास उतरला नाही, भाऊ."