वर केलेला हात
लूमच्या तेलाचा वास आला की मला विद्यापीठाचं मैदान आठवतं. पंधराशे मीटरची निवड शर्यत होती आणि पहिल्या दोघींनाच विद्यापीठाच्या संघात घेणार होते. शेवटच्या फेरीत मी दुसरी होते, तेवढ्यात कुंपणापाशी पप्पा दिसले. लिंबायतच्या यंत्रमाग कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेले, शर्टावर तेलाचे डाग, केसांत धाग्यांचे तुकडे. मी दिसताच त्यांनी खुशीत हात उंच केला. कारखान्यात लूमच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही. कुणी असा हात वर केला की धागा तुटलाय, लूम थांबवायचं. सुट्ट्यांमध्ये त्यांच्या शेजारच्या लूमवर उभी राहून मी हेच शिकले होते. माझे पाय थांबले. क्षणभरच, पण तेवढ्यात दोघी पुढे निघून गेल्या. नंतर पप्पांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि हळूच विचारलं, "थकी गई का व, बेटा?" मी मान डोलावली. गल्लीत कुणी विचारलं की ते सांगायचे, पोरगी कमी नव्हती, मीच तिला दूध-अंडी देऊ शकलो नाही. गेल्या महिन्यात ते गेले. शेवटपर्यंत त्यांना तसंच वाटत राहिलं, आणि मी वाटू दिलं.