उत्पन्नाचा दाखला

एम.ए.ची फी शिष्यवृत्तीतूनच भरायची होती. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला लागायचा. सावनेरला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणारे बाबा तो तहसील कचेरीतून काढून नागपूरला माझ्या खोलीवर घेऊन आले. त्यावरचा आकडा मी दोनदा वाचला.

“बाबा, एवढी कमाई कुठं हाये आपली?”

“चार लोकांसमोर इचारलं गा साहेबानं. पोरगा एम.ए. शिकून राहिला, अन् बापानं कमी काहून सांगावं?”

ते हसत होते. इतकं उत्पन्न असलेल्याला शिष्यवृत्ती मिळत नसे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसरा दाखला आणा, असं म्हणायचं होतं, जमलं नाही.

फी न भरल्यानं पुढे माझं नाव पटावरून कमी झालं. अभ्यास झेपला नाही, असं मी बाबांना सांगितलं.