वाचनात शून्य

तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला की किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, खडूच्या भुकटीसारखे पदराला लागूनच घरी येतात! हे सगळे शिरपूरजवळच्या आमच्या शाळेतले, ऐंशी-नव्वदच्या काळातले.

*

दिवाळीपर्यंत पोरांना शंभरपर्यंत मोजता आलंच पाहिजे, असं वरून आलेलं. सखाराम विसापर्यंत धडाधड गेला आणि थांबला.

"अरे, पुढं?"

"बाई, आमनाकडे इतल्याज बकऱ्या शेतस!"

पुढच्या बकऱ्या मी फळ्यावर काढल्या.

*

एकदा तपासणीला साहेब आले. वर्ग बघून भडकलेच. "पोरं तासभर एका जागी बसत कशी नाहीत? शिस्त म्हणून काही आहे की नाही?" आणि दाखवायला म्हणून स्वतः मागच्या बस्करपट्टीवर मांडी घालून बसले.

दहा मिनिटांत चुळबुळ सुरू! कधी हा पाय लांब, कधी तो.

शेजारचं पोरगं काळजीनं ओरडलं, "बाई, सायबाले एक नंबरले जानं शे!"

त्या दिवसापासून दर अर्ध्या तासाला सुट्टी द्यायची परवानगी मिळाली.

*

मंगलानं मात्र मला रडवलं. वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही पोरीनं. तोंडी परीक्षेला आमचे हेडमास्तर, नाना, समोर बसले. "हं, वाच." ही अंगठ्यानं जमीन उकरत उभी. नानांनी वाचनात शून्य मांडलं.

"नाना, सहा वर्षांची आहे हो! थोडा वेळ द्या की!"

"बाई, अभ्यासक्रम काय माझ्या घरचा आहे?"

तिचा बाप आधीच बजावून गेला होता, "नापास व्हयनी ते घर बसाडसू."

निकालाच्या दिवशी तिचं प्रगतिपुस्तक तिच्या हातात माझ्याच्यानं देववेना. गठ्ठा टेबलावर ठेवून मी माठाकडे पाणी प्यायला गेले. वळून बघते तर काय, मंगला गठ्ठा घेऊन निघालेली! वरचं नाव बघायची आणि ज्याचं त्याच्या पुढ्यात ठेवायची. चाळीस पोरं, एक चूक नाही! नाना दारातच थांबले.

शेवटी तिचं स्वतःचं उरलं. तिनं ते उघडलं, बोट ठेवून बघितलं आणि सरळ नानांपुढे जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, याम्हा नापास लिखेल शे."

नानांनी खिशातलं पेन काढलं आणि पुस्तकासाठी हात पुढं केला.